बुरशी दिसली की मारा!

आमचे एक काका सांगोल्याकडे डाळिंब करतात. बागेत सूत्रकृमी निघाले, मुळांवर गाठीच गाठी. दुकानदारानं काय दिलं? दाणेदार विष आणि वर बुरशीनाशकाचं ड्रेंचिंग. "दोन्हीचा एकदम बंदोबस्त!" इथं माझं डोकं फिरलं.

कारण मंडळी, मातीत सूत्रकृमींची शिकार कोण करतं? बुरशीच! आर्थ्रोबॉट्रिस ऑलिगोस्पोरा धाग्यांचं चिकट जाळं विणते. सूत्रकृमी अडकला की धागा त्याच्या अंगात घुसतो आणि त्याला आतून पचवतो. झोप्फ नावाच्या जर्मन शास्त्रज्ञानं हे 1888 मध्येच नोंदवलंय. जाळंही उगाच टाकत नाही; सूत्रकृमी एकमेकांना ज्या रसायनांनी खुणावतात, त्यांचाच माग काढून टाकते. काही बुरश्या तर चक्क फास लावतात. तीन पेशींचं कडं, कृमी आत शिरला की पेशी फुगतात, सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात खेळ खल्लास. आणि तुम्ही 'प्युअर व्हेज' म्हणून हाणता ती धिंगरी अळिंबी? तीसुद्धा सूत्रकृमींना विषानं लुळं पाडून खाते. (आजीला सांगू नका :) )

मर रोग बुरशीमुळेच येतो ना, असं कुणी म्हणेल. येतो, सेराटोसिस्टिसमुळे. पण सूत्रकृमींनी पोखरलेल्या मुळांतून तिला आयतं दार मिळतं. रोगाची खात्री झाल्यावर ड्रेंचिंग करा की. नुसत्या भीतीपोटी करणं म्हणजे व्हायरस येईल म्हणून दर महिन्याला हार्ड डिस्क फॉरमॅट करणं. बहुतेक बुरशीनाशकांना मित्र-शत्रू कळत नाही राव!

वर गंमत म्हणजे तोच शेतकरी ट्रायकोडर्मा विकत आणतो, सूत्रकृमींची अंडी खाणारा पॅसिलोमायसिसही आणतो, आणि परवा त्याच आळ्यात कार्बेन्डाझिम ओततो. पैसे गटारात. 2005 पासून सोलापुरात राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, 2016 मध्ये सोलापूरच्या डाळिंबाला जीआय मिळालं, तरी सल्ला मात्र काउंटरवरून घ्यायचा!

बुरशी एकटी बाग वाचवेल असं मी म्हणत नाही. तिला शेणखत लागतं, ओल लागते, वेळ लागतो. ती जिवंत असावी लागते हे तर कुणाच्या गावीच नसतं. मे महिन्यातलं सोलापूर, पत्र्याचं दुकान, आणि शोकेसमध्ये उन्हात ठेवलेलं पाकीट. घेताना तारीख बघाच, पण ते ठेवलं कुठं होतं हेही दुकानदाराला विचारा.