रिकामा खटका

फोटो काढून झाले. सगळे हसले, पुन्हा एकदा हसले, ज्यांनी डोळे मिटले होते त्यांच्यासाठी तिसऱ्यांदा हसले. आणि घरी गेल्यावर कळले, की कॅमेऱ्यात कार्डच नव्हते. ही गोष्ट ज्या घरात कधीच घडली नाही असे मराठी घर सापडणे कठीण. ज्यांच्या वेळी कार्ड नव्हते त्यांच्या वेळी रोल होता. आणि रोल घालायचा राहिला नसेल, तर घातलेला रोल दात्यांवर नीट चढलेला नसे. खटका मात्र प्रत्येक वेळी व्यवस्थित वाजे.

यात कमीपणा वाटून घेण्याचे कारण नाही. १६ मे २०१८ रोजी आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावरून ड्र्यू फॉयस्टल हे 'नासा'चे अनुभवी अंतराळवीर अवकाशचालीसाठी निघाले होते. सोबत एक छोटा कॅमेरा होता. बटण दाबले तर पडद्यावर 'नो एसडी' अशी अक्षरे उमटली. त्यांनी खाली ह्यूस्टनला विचारले, की याचा अर्थ काय, आणि चित्रण व्हायला ते लागते का? लागते, असे उत्तर आले. हा संवाद थेट प्रक्षेपणात साऱ्या जगाने ऐकला. ज्या माणसाचा पोशाख चढवताना प्रत्येक चाप, प्रत्येक नळी यादी हातात घेऊन तपासली जाते, त्याच्या कॅमेऱ्यात कार्ड नव्हते. कॅमेरा त्या मोठ्या यादीत किती खालच्या ओळीवर असेल, याचा अंदाज आपण करू शकतो. आपल्याकडच्या मंगलकार्यांतही नारळ, विडे, दक्षिणेची सुटी नाणी यांची यादी होते. कॅमेऱ्याची होत नाही. कॅमेरा 'त्याच्याकडे' असतो. हा 'तो' म्हणजे घरातला हौशी मामा, काका किंवा आतेभाऊ.

माझे म्हणणे असे, की या प्रकरणात आपण चुकीच्या आरोपीला पकडतो. माणूस विसरणारच. विसरलेल्या माणसाला यंत्राने थांबवायचे की त्याच्याशी खोटे बोलायचे, हा खरा प्रश्न आहे.

जुने कॅमेरे या बाबतीत बरे होते असे नाही, पण निदान त्यांच्यात एखादी खूण असे. अनेकांच्या घरी असलेल्या आग्फाच्या 'क्लिक थ्री'ला पाठीमागे तांबडी काचेची खिडकी होती. रोल पुढे सरकवला की त्या खिडकीत आकडा येई, एक ते बारा. आकडा नाही म्हणजे रोल नाही. पुढे पस्तीस मिलिमीटरचे कॅमेरे आले. त्यांत जाणते लोक एक गोष्ट पाहत. फिल्म पुढे ओढताना डाव्या बाजूची गुंडाळायची कळ आपोआप फिरली पाहिजे. ती स्थिर राहिली तर समजावे की आपण हवेचे फोटो काढतो आहोत. आकडा छत्तिसाच्या पुढे अडतीस, चाळीस जाऊ लागला की 'आज रोल फार चालला' असे म्हणून खूश होणारे लोकही होते. त्यांच्या नशिबी काय यायचे ते रोल धुवायला टाकल्यावर कळे.

अंधेरीकराला हे वेगळे सांगायला नको. 'मुघल-ए-आझम'चा शीशमहाल इथल्याच मोहन स्टुडिओत उभा राहिला होता, आणि आर. डी. माथुर यांनी तो कॅमेऱ्यात उतरवला. चित्रपट १९६० साली लागला. तो आरशांचा पसारा, ते दिवे, त्या नर्तिका, सगळे तयार आणि कॅमेऱ्यात फिल्म नाही, अशी कल्पनासुद्धा त्या धंद्यातल्या माणसाला सहन होणार नाही. म्हणूनच त्या धंद्याने आठवणीवर कधी भिस्त ठेवली नाही. फिल्म भरणे हे एका सहायकाचे स्वतंत्र काम. तो काळ्या कापडी पिशवीत दोन्ही हात घालून, डोळ्यांनी काही न बघता, बोटांच्या अंदाजाने मॅगझिनमध्ये फिल्म भरायचा. डब्यावर पट्टी चिकटवून आत काय आणि किती ते लिहायचा. हजार फुटांचे रीळ म्हणजे जेमतेम अकरा मिनिटे. शॉट चांगला झाला असे दिग्दर्शक म्हणाला तरी काम संपत नसे. कॅमेरा उघडून फिल्मच्या खिडकीत कचरा किंवा फिल्मचा तुकडा अडकला नाही ना हे पाहिल्याशिवाय पुढच्या शॉटला हात लागत नसे. या सगळ्यात कोणाच्या हुशारीवर अविश्वास नव्हता. माणूस दमतो, बोलण्यात गुंततो, भुकेजतो, हे त्या लोकांनी धरून चालले होते, एवढेच.

(विसरणे फक्त माणसाचेच असते असेही नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये अंधेरीचा नवा गोखले पूल एका बाजूने खुला झाला, तेव्हा शेजारचा बर्फीवाला उड्डाणपूल आणि तो यांच्या उंचीत दीड-दोन मीटरांची तफावत होती. दोन्ही जोडायला आणखी काही महिने गेले. तेव्हा आमच्या भागात विनोदांना तोटा नव्हता.)

डिजिटल कॅमेऱ्याने हा प्रश्न सोडवला असेल असे कोणालाही वाटेल. झाले उलटेच. रोल एकदा घातला की संपेपर्यंत आतच राही. कार्ड मात्र दर वेळी बाहेर काढायचे, संगणकाला लावायचे, फोटो उतरवून घ्यायचे आणि आठवणीने परत घालायचे. या शेवटच्या पायरीवर सगळे घात होतात. कार्ड संगणकाच्या फटीत राहते आणि कॅमेरा ऐटीत कार्याला जातो. त्याहून वाईट म्हणजे कित्येक मोठ्या कॅमेऱ्यांत कार्ड नसतानाही खटका वाजतो, आणि काढलेले चित्र क्षणभर मागच्या पडद्यावर दिसतेही. ते आतल्या तात्पुरत्या स्मृतीत असते आणि तिथेच विरून जाते. काही कॅमेरे कोपऱ्यात 'डेमो' असे बारीक लिहितात. ही सोय मुख्यतः दुकानदारांसाठी. काचेच्या कपाटातला कॅमेरा गिऱ्हाइकाला चालवून दाखवता यावा म्हणून. गंमत म्हणजे कार्ड नसेल तर खटका अडवणारी सूचना अशा कॅमेऱ्यांत असते, फक्त ती बहुधा बंद करून दिलेली असते. दुकानातल्या दहा मिनिटांसाठी केलेली सोय गिऱ्हाइकाच्या घरी दहा वर्षे राहते. याला मी विसरभोळेपणा म्हणणार नाही, बेपर्वाई म्हणेन.

यात एवढे रागावण्यासारखे काय आहे, असे कोणी विचारील. म्हणून एक घरची हकिगत सांगणे भाग आहे. २००९ च्या मे महिन्यात माझ्या मावसबहिणीच्या मुलाची मुंज अंधेरी पूर्वेच्या एका हॉलमध्ये झाली. कॅमेरा तिच्या धाकट्या दिराकडे होता. आदल्या रात्री त्याने केळवणाचे फोटो संगणकावर उतरवले होते, आणि पुढचे मी वर लिहिलेच आहे. तिच्या सासूबाईंनी त्या दिवशी नऊवारी नेसून नथ घातली होती. बरेच दिवस अंथरुणाला खिळलेल्या बाई त्या दिवशी उभ्या राहिल्या, भिक्षावळीत नातवाच्या झोळीत लाडू घातले, आणि दिराने 'आई, इकडे बघ' म्हणून किमान चार वेळा खटका दाबला. दिवाळीच्या आधी त्या गेल्या.

आपल्याकडे माणूस गेले की तासाभरात जी धावपळ सुरू होते, तीत एक धावपळ फोटोसाठी असते. हार कशाला घालायचा? मग कपाटे उघडतात, आल्बम निघतात. बायकांचे, त्यातून म्हाताऱ्या बायकांचे एकटीचे फोटो मुळात नसतातच. कोणाच्या तरी लग्नातल्या घोळक्यातून चेहरा कापून काढावा लागतो. भिंतीवरच्या कित्येक तसबिरी नीट पाहिल्या तर कडेला दुसऱ्या कोणाचा तरी खांदा किंवा पदराचा काठ दिसतो. स्टेशनाजवळच्या फोटोवाल्यांचा हा नेहमीचा धंदा आहे. शेजारच्याचा खांदा पुसून तिथे निळे आकाश भरून देतात. सासूबाईंच्या बाबतीत शेवटी मतदार ओळखपत्रावरचा टिकलीएवढा फोटो मोठा करावा लागला. ओळखपत्रावरच्या फोटोत माणूस कसा दिसतो ते आपण सर्व जाणतो. फोटोवाल्याने आपल्या मनाने साडीला जांभळा रंग दिला. त्यांना जांभळा आवडत नसे.

दिराला त्या दिवशी कोणी काही बोलले नाही. बोलायला लागले ते नंतर, थट्टेने. आजही कुठल्या कार्यात त्याने फोन जरी वर धरला तरी कोणीतरी विचारते, 'कार्ड घातलंय ना रे?' सगळे हसतात, तोही हसतो. स्वतःच्या आईचा शेवटचा फोटो ज्याच्या हातून गेला त्याला हा प्रश्न दर वर्षी विचारणे थांबवावे, असे मला मनापासून वाटते. आणि ज्या घरांत असा एखादा 'तो' आहे, तिथेही.

यावर एक ठरलेले उत्तर मिळते. फोटोंचा एवढा सोस कशाला, क्षण जगावा, मनाच्या कॅमेऱ्यात टिपून घ्यावा, वगैरे. हे बोलणारे बहुधा ज्यांच्या आजोबांचे-पणजोबांचे फोटो दिवाणखान्यात लावलेले आहेत असे असतात. आजी कशी दिसायची हे सांगायला ज्या घरात एकही चित्र नाही, तिथे मनाचा कॅमेरा दोन पिढ्यांत कोरा होतो. आता हातोहाती फोन आले, त्यात कार्डाची भानगड उरली नाही, हे खरे. पण लोकलमध्ये चोरीला गेलेल्या फोनबरोबर पाच वर्षांचे संसारचित्र जाते, आणि 'जागा संपली' ही पाटी नेमकी अक्षता पडताना येते. कागदावर छापलेला फोटो घरात शेवटचा कधी आला ते आठवून पाहावे.

कागदही अमर नसतो म्हणा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेने चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद केली. पाणी उतरल्यावर तळमजल्यावरच्या घरांतून चिखलाने माखलेल्या गाद्यांबरोबर आल्बमही बाहेर आले. फोटो एकमेकांना चिकटलेले. सोडवायला जावे तर नवरीचा चेहरा समोरच्या पानावर जायचा. फॅन लावून, दोऱ्या बांधून ते वाळत घातले गेले. फ्रिज आणि टीव्ही गेल्याचे लोक मोजून सांगत. आल्बमचे सांगताना थांबत.

घरांचे असे, तर देशाचे काही निराळे नाही. सावे दादा, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर यांनी १८९९ साली मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये कुस्तीचे चलच्चित्र घेतले, आणि १९०१ साली रँग्लर परांजपे परतले तेव्हा त्यांच्या स्वागताचे. आज पाहायला दोन्हीही नाहीत. 'आलम आरा' १९३१ साली मॅजेस्टिकला लागला तेव्हा गर्दी आवरेना. आज त्याची एकही प्रत उपलब्ध नाही. पुण्यात २००३ च्या जानेवारीत लागलेल्या आगीत जुन्या नायट्रेट फिल्मचा साठा जळून गेला. या सर्व ठिकाणी फिल्म कॅमेऱ्यात होती, नीट चढलेली होती, धुतलीही गेली होती. पुढे तिचे काय करायचे हे कोणाच्या यादीत नव्हते. पी. के. नायर यांच्यासारखा एखादा माणूस फाळक्यांच्या घरापर्यंत जाऊन डबे गोळा करतो म्हणून जे थोडे उरले ते उरले.

आणि काही वेळा तर सगळे जागेवर असूनही फोटो निसटतो. जे. जे. मध्ये शिकलेल्या होमाई व्यारावाला या आपल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. ३० जानेवारी १९४८ च्या संध्याकाळी त्या दिल्लीत गांधीजींच्या प्रार्थनासभेला निघाल्या होत्या. पतीने मागे बोलावले म्हणून त्या थांबल्या. २०१२ साली, अठ्ठ्याण्णव वर्षांच्या होऊन त्या वारल्या, पण तो न काढलेला फोटो त्यांच्या बोलण्यातून गेला नाही. हजारो फोटो काढलेल्या बाईला हा एक फोटो टोचत राहावा, याचे मला आश्चर्य वाटत नाही.

दिराला मी मध्यंतरी एका माणसाबद्दल सांगितले. अ‍ॅलन बीन. नोव्हेंबर १९६९ मध्ये 'अपोलो १२' मधून चंद्रावर उतरलेला चौथा माणूस. तो आणि पीट कॉनराड या दोघांनी गुपचूप एक बेत केला होता. कॅमेऱ्याला लावायचा स्वयंचलित टायमर बरोबर नेला, की दोघांचा एकत्र फोटो काढायचा आणि मागाहून सगळ्यांनी विचारात पडावे, हा काढला कोणी? ऐन वेळी अवजारांच्या पिशवीत टायमर काही सापडेना. सापडला तो सगळे आटोपल्यावर. बीनने तो रागाने भिरकावून दिला. पुढे नोकरी सोडून तो चित्रकार झाला, आणि राहून गेलेला तो फोटो त्याने रंगांत काढला: दोघे शेजारी शेजारी, चंद्राच्या धुळीत. आणखी एका चित्रात त्याने तिघांना एकत्र उभे केले आहे. तिसरा डिक गॉर्डन, जो यान सांभाळत वर एकटाच फिरत राहिला होता आणि चंद्रावर कधी उतरलाच नाही.