रक्तातील ताणाचे मोजमाप

डब्यात फार दिवस राहिलेले तेल खवट होते, ही करणी प्राणवायूची. ज्याच्यावाचून आपण क्षणभरही जगू शकत नाही, तोच प्राणवायू देहातही असाच उपद्रव करीत असतो. पेशी अन्नापासून शक्ती मिळवितात, तेव्हा त्याचे काही चंचल अंश निर्माण होतात. त्यांना मुक्त मूलके म्हणतात. ग्लुटाथायोन, जीवनसत्त्व क आणि ई असे संरक्षक पदार्थ त्यांना आवरून धरतात. मधुमेहात शर्करा दीर्घकाळ वाढलेली राहिली, की मूलके वाढतात आणि संरक्षक अपुरे पडतात. हाच 'ऑक्सिडीभवनाचा ताण'. जर्मन शास्त्रज्ञ हेल्मुट झीस यांनी १९८५ साली ही संज्ञा रूढ केली. रक्तवाहिन्या, मूत्रपिंडे व दृष्टिपटल यांच्या हानीत या ताणाचा वाटा असतो.

मुक्त मूलके क्षणजीवी असल्याने त्यांनी मागे ठेवलेल्या खुणाच मोजाव्या लागतात. स्निग्ध पदार्थांची मोडतोड झाली, की मॅलॉनडायअल्डिहाइड उरते. रक्तद्रवात थायोबार्बिट्युरिक आम्ल घालून तापविले असता गुलाबी रंग येतो. ५३२ नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशात त्याची गडदता मोजतात. अन्नातील खवटपणा जोखण्याचीही हीच कसोटी. परंतु हे आम्ल इतर पदार्थांशी, अगदी शर्करेशीही, संयोग पावते. नमुना ताटकळला किंवा तांबड्या पेशी फुटल्या, तरी आकडा बदलतो. म्हणून संशोधकाला दोन गटांची तुलना करण्यास ही चाचणी उपयोगी आहे. एखाद्या रुग्णाचे भवितव्य तीवरून सांगता येत नाही.

मग जीवनसत्त्वाच्या गोळ्यांनी हा ताण घालवावा काय? २००० साली प्रसिद्ध झालेल्या 'होप' चाचणीत हृदयविकाराचा धोका असलेल्या नऊ हजारांहून अधिक व्यक्ती होत्या. त्यांत मधुमेहीही पुष्कळ होते. सुमारे साडेचार वर्षे निम्म्यांना ई जीवनसत्त्व आणि निम्म्यांना औषधहीन गोळी दिली गेली. हृदयविकाराच्या प्रमाणात फरक पडला नाही. शर्करा तशीच ठेवून गोळ्या घेणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी!

तेव्हा वाचकहो, 'अँटिऑक्सिडंट'च्या जाहिरातींनी भुलून जाऊ नये. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. तिच्या हिमोग्लोबिनला चिकटलेली शर्करा 'एचबीए१सी' चाचणीत मोजली, की गेल्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब हाती येतो. डॉक्टरांच्या सल्ल्याने ती चाचणी ठरल्या वेळी करावी, औषध चुकवू नये, आहार मोजका ठेवावा आणि रोज चालावे. घरातील मधुमेही माणसाचे खरे संरक्षण यातच आहे.