फाइलीवरील पायऱ्या

तिरुवल्लिकेणीलगतच्या मरीना किनाऱ्यावर नोव्हेंबर २०२२ मध्ये चाकांच्या खुर्चीतील माणसाला समुद्रापर्यंत नेणारा लाकडी मार्ग खुला झाला. पंधरवड्यातच मंदोस चक्रीवादळाने त्याची हानी केली. शासकीय नोकरीकडे जाणारा दिव्यांगांचा मार्ग मात्र आम्हा अधिकाऱ्यांच्या शेऱ्यांनीच अडवला आहे.

१९९५ च्या कायद्याने नोकरीत ३ टक्के जागा राखल्या. ‘योग्य पदे निश्चित झालेली नाहीत, सबब आरक्षण नाही’, असा बचाव केंद्र सरकारने केला. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये तो फेटाळला. आरक्षण संवर्गातील एकूण रिक्त जागांवर मोजावे, असे २०१३ मध्ये बजावले. २०१६ च्या कायद्याने हे प्रमाण किमान ४ टक्के केले, शासकीय व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान ५ टक्के जागा राखल्या. पण पदनिश्चितीची पायरी तशीच ठेवली.

‘हे काम याला जमेल काय?’ हा प्रश्नच चुकीचा आहे. ‘जमावे म्हणून आम्ही काय पुरवले?’ हा कायद्यातील ‘वाजवी सोयी’चा प्रश्न आहे. उत्तरादाखल खर्चाचे कारण पुढे केले जाते. परंतु शिकलेल्या माणसाला घरी बसवण्याचा खर्च कोणत्या अंदाजपत्रकात दाखवला जातो?