मंदाकिनीचा फोटो काढला कोणी?

शिक्षक मित्रांनो आणि पालकांनो, प्रोजेक्टच्या वहीत मंदाकिनीचा रंगीत सर्पिल 'फोटो' तुम्ही पाहिलाच असेल. झेरॉक्सच्या दुकानातून आणलेला, त्यावर बाण काढून 'आपण इथे'. पण तो फोटो नाहीच, चित्र आहे! आपल्या दीर्घिकेबाहेर आजवर एकही यान गेलेलं नाही. मग आत बसून तिचा आकार कळला कसा? माझ्या मते वहीत चिकटवण्याआधी हेच शिकवायला हवं.

शाळेचं मैदान पुरेसं आहे. फक्कीनं एकात एक वर्तुळं आखा आणि मुलांना सारख्या वेगानं, एकाच दिशेनं चालवा. आतली मुलं लवकर फेरी संपवतात. आता बाहेरच्या वर्तुळावरच्या मुलीला विचारा, "आतल्या वर्तुळातलं कोण तुझ्यापासून सर्वांत झपाट्यानं दूर जातंय?" पुढे बघताना जिथे तिची नजर आतल्या वर्तुळाला नुसती स्पर्शून जाते, तिथलं मूल! म्हणजे स्पर्शिकाच की, दहावीच्या भूमितीतली.

आकाशात मुलांच्या जागी हायड्रोजन वायू असतो. तो 21 सेंटिमीटर लांबीच्या रेडिओ लहरी सोडतो. 1951 मध्ये हार्वर्डमध्ये त्या प्रथम पकडल्या गेल्या. वाटेतली धूळ त्यांना अडवत नाही. वायू दूर जात असेल तर लहर किंचित लांबते, त्यावरून वेग काढता येतो. एकाच दिशेला वेगवेगळ्या वेगांचे ढग सापडले, की ते वेगवेगळ्या फाट्यांतले असावेत असा अंदाज बांधतात. हे काम परदेशातच होतं असं नाही. नारायणगावजवळ खोडदला गोविंद स्वरूप यांनी उभी केलेली जीएमआरटी आहे. 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या, आणि त्या हीच लहर पकडू शकतात.

हिशेब असा निघतो: सूर्य केंद्रापासून सुमारे 26,000 प्रकाशवर्षं दूर, वेग सेकंदाला साधारण 220 किलोमीटर, एक फेरी जवळजवळ 22 कोटी वर्षांची. गंमत म्हणजे त्याहून दूरचा वायूही फारसा मंदावत नाही. न दिसणाऱ्या कृष्णद्रव्याचा संशय त्यातूनच बळावला. आणि मुख्य फाटे दोन की चार, यावर अजून वाद आहे. वहीतल्या चित्राखाली हे कोणी लिहितं का?

नागपूरच्या झगमगाटात आकाशगंगेचा पट्टा दिसणं कठीणच. पण आपल्या पेंचला 2024 मध्ये देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली आहे. मे महिन्यातल्या अमावास्येला मुलांना तिकडे न्या. मध्यरात्रीनंतर दक्षिणेकडे धनू रास दाखवा, केंद्र त्याच बाजूला आहे. मग हळूच विचारा, मंदाकिनी चकतीसारखी आहे, तर आपल्याला पट्टा का दिसतो? उत्तर मात्र लगेच सांगू नका हं!