चार बटणं दाबली, आता विचारायचं कुणाला?

मीरा-भाईंदर महापालिकेचा निकाल १६ जानेवारी २०२६ ला लागला. ९५ जागांपैकी भाजपला ७८, काँग्रेसला १३, शिंदेंच्या शिवसेनेला ३. मराठीच्या प्रश्नावर जुलै २०२५ मध्ये ज्या शहरात सगळ्या वाहिन्यांचे कॅमेरे येऊन बसले होते, तिथे मनसेला भोपळा मिळाला.

तो जुलै आठवतोय ना? मिठाईच्या दुकानात मराठीवरून झालेली मारहाण, व्यापाऱ्यांचा मोर्चा, त्याला उत्तर म्हणून ८ तारखेचा मराठी मोर्चा. त्यात सामील व्हायला आलेले मंत्री प्रताप सरनाईक घोषणाबाजीमुळे परत फिरले. त्यांच्या ओवळा-माजिवडा मतदारसंघात याच शहराचा काही भाग येतो. मग १८ तारखेला राज ठाकरेंची सभा. एवढं सगळं होऊन मतपेटीत काहीच कसं उमटलं नाही, असं काशीमीरा नाक्यावर अजून विचारतात. मराठी माणूस झोपला, असं उत्तरही लगेच मिळतं.

मला ते पटत नाही. इथला मराठी माणूस एकगठ्ठा होता कधी? काशीगावातला आगरी, उत्तनचा कोळी नि ख्रिस्ती, इमारतींत राहायला आलेला कोकणी आणि सातारकर यांची दुखणी वेगळी. विधानसभेचंच बघा. २००९ साली मीरा-भाईंदर मतदारसंघ नवा झाला, तेव्हा राष्ट्रवादीचे गिल्बर्ट मेंडोन्सा निवडून आले. २०१४ ला भाजपचे नरेंद्र मेहता, २०१९ ला अपक्ष गीता जैन, २०२४ ला पुन्हा मेहता. आडनाव बघून मत देणारं शहर असं वागत नाही.

भाषेचं काय होतं ते प्रचारात दिसतं. आमच्या संकुलाच्या गेटवर प्रचाराची रिक्षा आली की भोंग्यातून आधी मराठी, मग हिंदी. पुढच्या गल्लीत तीच रिक्षा गुजरातीत बोलते. हातात पडलेलं पत्रक एका बाजूने मराठी, दुसऱ्या बाजूने हिंदी. मजकूर एकच, फक्त हिंदीत पाण्याची ओळ जरा ठळक. प्रभागातल्या चार उमेदवारांचं पॅनेलही असंच जुळवलेलं: एक गावकरी, एक मारवाडी किंवा गुजराती, एक उत्तर भारतीय, आणि महिला आरक्षण बघून उरलेली जागा. ‘पॅनेल टू पॅनेल चालवा’ म्हणायचं आणि अ, ब, क, ड अशी चार बटणं दाबून घ्यायची. गटार तुंबलं की अ म्हणतो ब ला विचारा, ब म्हणते मी आत्ताच निवडून आलेय. या निवडणुकीआधी ऑगस्ट २०२२ पासून तर नगरसेवकच नव्हते, प्रशासक होता. तेव्हा निदान टोलवाटोलवीला माणसं कमी होती.

कॅनडातल्या फ्रेंचभाषक क्युबेक प्रांतातही हा भाषेचा नि मतांचा झगडा जुनाच. ३० ऑक्टोबर १९९५ च्या सार्वमतात कॅनडापासून वेगळं होण्याचा प्रस्ताव निसटता पडला आणि प्रांताचे प्रीमियर (मुख्यमंत्री) जाक पारिझो यांनी रागाच्या भरात पैशावर नि परक्या समाजांच्या मतांवर खापर फोडलं. पण तिथल्या १९७७ च्या भाषा कायद्याने स्थलांतरितांची मुलं फ्रेंच शाळांत आणली होती. आज तिथल्या उपनगरांत हैती-लेबनॉनच्या घरांतले उमेदवार फ्रेंचमध्ये मतं मागतात. आपल्याकडे शाळांत मराठी सक्तीची करणारा कायदा झाला २०२० मध्ये, म्हणजे तब्बल त्रेचाळीस वर्षांनी; आणि मराठीवरची भांडणं दुकानाच्या गल्ल्यावर.

भाषा टिकते ती कामात वापरली तर. सूर्या योजनेतलं मीरा-भाईंदरच्या वाट्याचं रोजचं २१८ दशलक्ष लिटर पाणी, संकुलात येणारे टँकर, काशीगावच्या रस्त्यांवरचे खड्डे यांचा हिशेब नगरसेवकांनी लोकांसमोर मराठीत मांडावा. ज्याला कळणार नाही त्याला शेजारी समजावून सांगेल. कुठल्याही रांगेत उभं राहताना आपण तेच तर करतो. त्यासाठी नवा कायदाही नको. महापालिका कायद्यातल्या २००९ च्या दुरुस्तीने शहरांत क्षेत्रसभेची, म्हणजे त्या भागातल्या मतदारांच्या सभेची, तरतूद केलेली आहे. ती भरलेली मी तरी पाहिलेली नाही, आणि एकाही प्रचारपत्रकात तिचं नाव नव्हतं.

तेव्हा तुमच्या प्रभागातले चौघे सत्कार समारंभांना येतील तेव्हा शाल जरूर द्या, पण क्षेत्रसभेची तारीख लेखी मागा.