जुनी मोठी गाडी : इंजिनाची पारख

गंगाखेडहून एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. सासऱ्यांना आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी परभणीस न्यावे लागते. घरात माणसे पाच. म्हणून दहा-बारा वर्षांची एखादी डिझेल एसयूव्ही घ्यावी, असे त्यांच्याकडे ठरत आहे. दलालाने स्कॉर्पिओ, बोलेरो आणि डस्टर अशा तीन गाड्या दाखविल्या आहेत आणि तिन्ही ‘एकहाती चाललेल्या’ आहेत. कोणती घ्यावी, असे त्या विचारतात.

गाडी न पाहता नाव सांगणे योग्य नव्हे. मात्र रुग्णाला ठरल्या वेळी पोहोचविण्यासाठी घ्यावयाच्या गाडीत रंग, आसने आणि संगीतयंत्र दुय्यम असून इंजिनाचा पूर्वेतिहास प्रथम पाहावयाचा असतो. आणि पूर्वेतिहास म्हणजे मीटरवरचे किलोमीटर नव्हेत. तो आकडा मागे फिरविता येतो. सर्व्हिसच्या पावत्यांवर प्रत्येक वेळी तारीख व किलोमीटर लिहिलेले असतात, ते मीटरशी पडताळून पाहावेत. अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये गाडीच्या क्रमांकावरून जुनी नोंद सापडू शकते. मालकाने सोबत येऊन ती काढून द्यावी, अशी विनंती करावी. ऐंशी हजार किलोमीटर दाखविणाऱ्या गाडीच्या ब्रेक पेडलचे रबर गुळगुळीत झाले असेल, तर रबरावर विश्वास ठेवावा.

गाडी पाहण्यास सकाळी लवकर जावे आणि प्रथम बॉनेटवर हात ठेवावा. ते कोमट लागले, तर इंजिन आधीच तापवून ठेवले आहे असे समजावे व दुसऱ्या दिवशी पुन्हा यावे. थंड इंजिन पहिल्यांदा सुरू होताना जे सांगते, ते तापल्यावर सांगत नाही. निळसर धूर म्हणजे ऑईल जळत आहे. पांढरा धूर क्षणभर येऊन थांबला तर चिंता नाही. तो येतच राहिला, तर डिझेल नीट जळत नाही किंवा कूलंट आत शिरत आहे. वेग वाढविताना दाट काळा धूर निघाला, तर एअर फिल्टर, इंजेक्टर वा टर्बो यांकडे पाहावे लागेल. इंजिन चालू असताना ऑईल भरण्याचे झाकण उघडावे. तेथून थोडी हवा येणारच, परंतु धुराचे जोरदार भपकारे येत असतील, तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या असून इंजिन बांधण्याचा खर्च जवळ आला आहे.

आपल्या भागात रेडिएटरकडे विशेष लक्ष द्यावे. कूलंटऐवजी बोअरचे पाणी ओतण्याची सवय अनेकांना असते. पाणी तापविण्याच्या भांड्यात जो पांढरा थर बसतो, तोच रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो आणि मराठवाड्याच्या उन्हाळ्यात इंजिन उकळते. एकदा चांगलेच उकळलेल्या इंजिनाचे हेड वाकण्याचा व गॅस्केट जाण्याचा धोका असतो. कूलंटच्या बाटलीत तांबूस गढूळ पाणी दिसले किंवा ऑईलच्या झाकणाखाली दुधाळ साय आढळली, तर मिस्त्रीला विचारल्याशिवाय भावाची बोलणी करू नयेत.

आता तीन गाड्यांविषयी. डस्टर २०१२ साली भारतात आली. तिच्या दीड लिटर डिझेल इंजिनात टायमिंग बेल्ट आहे. तो चालत्या गाडीत तुटला, तर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात आणि इंजिन उघडावेच लागते. बेल्ट रबरी असल्याने गाडी उभी असली तरी त्याचे वय वाढते. म्हणून तो ठरलेल्या किलोमीटरनंतर किंवा ठरलेल्या वर्षांनंतर, जे आधी येईल तेव्हा, बदलावा लागतो. बदलल्याची पावती नसेल, तर तो बदललेला नाही असेच धरून तो खर्च किमतीतून वजा करावा.

बोलेरो २००० साली आली, तेव्हा तिच्या इंजिनात डिझेलचा पंप यांत्रिक होता. तो गावातला मिस्त्रीही उघडू शके. पुढे तिच्यातही कॉमन रेल आले, स्कॉर्पिओत तर ते आधीच आले होते. कॉमन रेलमध्ये डिझेल हजार बारहून अधिक दाबाने इंजेक्टरमधून फवारले जाते. त्यात पाणी वा कचरा गेला, की इंजेक्टर बिघडतो. तो तपासण्याचे यंत्र प्रत्येक गावात नसते. यास्तव गाडी निवडण्याआधी मिस्त्री निवडावा. यांपैकी कोणते इंजिन तो नेहमी उघडतो आणि सुटे भाग कोठून आणतो, हे त्याला विचारावे. डायलिसिसच्या दिवशी गाडी बंद पडली आणि भाग चार दिवसांनी येणार असेल, तर ते उत्तम इंजिनही या घराच्या उपयोगाचे नाही. माझा कल म्हणूनच गंगाखेडात ज्या गाड्या अधिक फिरतात, त्यांच्याकडे आहे.

दिल्लीकडील पासिंगची गाडी स्वस्त मिळते, त्यामागे कारण आहे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचा २०१५ चा आदेश आणि सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ चा निर्णय यांमुळे तेथे दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवर बंदी आली व त्या इतर राज्यांत विकल्या जाऊ लागल्या. गाडी चांगलीही असू शकते. परंतु मूळ आरटीओची एनओसी, बँकेचा बोजा उतरल्याचा दाखला, महाराष्ट्राचा कर आणि एमएच-२२ चा नवा क्रमांक हे सारे हिशेबात धरल्यावर ती स्वस्त उरते काय, ते पाहावे. चिपळूणसारख्या पूरग्रस्त शहरातून आलेल्या गाडीत गालिच्याखाली व सीटच्या रुळांवर गाळ, गंज शोधावा. इंजिनात पाणी शिरलेले असताना ते सुरू केले गेले असेल, तर कनेक्टिंग रॉड वाकलेला असू शकतो. वाकलेला रॉड लगेच बोलत नाही.

शेवटी चार माणसे बसवून बालाघाटाच्या चढावर गाडी न्यावी. गावातल्या सपाट रस्त्यावर प्रत्येक इंजिन सुखी असते. चढावर ओढ कमी पडते काय, टर्बोची शिट्टी वाढते काय, तापमानाचा काटा वर सरकतो काय, हे मिस्त्रीला शेजारी बसवून पाहावे. त्याची दिवसाची मजुरी आधी ठरवून द्यावी, आणि ती विक्रेत्याकडून नव्हे, आपल्याकडून.