इंजिन ऑइलची मुदत आणि लखनौचे रस्ते

मोटारीसोबत मिळणाऱ्या पुस्तिकेत इंजिन ऑइल बदलण्याविषयी सहसा एकच ओळ लक्षात राहते, आणि अलीकडच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांच्या बाबतीत ती '10,000 किलोमीटर किंवा 12 महिने, यांपैकी जे आधी पूर्ण होईल ते' अशी असते. ही मुदत गाडी बनवणाऱ्यांनी चाचण्या घेऊन ठरवलेली असल्यामुळे ती झटकून टाकण्याचे कारण नाही. मात्र बऱ्याच पुस्तिकांत पुढे काही पानांवर खडतर वापरासाठी कमी मुदतीचा वेगळा तक्ता दिलेला असतो, आणि तो फारसे कोणी उघडून पाहत नाही. वारंवार होणारे छोटे प्रवास, धुळीचे रस्ते, सतत थांबत-थांबत चालणारी वाहतूक, उभ्या गाडीत दीर्घकाळ सुरू राहिलेले इंजिन अशा अटी त्या तक्त्यात येतात, आणि त्या वाचल्यावर लक्षात येते की गोमतीनगर, इंदिरानगर किंवा आलमबाग येथे राहून रोज हजरतगंजला कामासाठी जाणारा मोटारमालक त्यांपैकी बहुतेक अटींत बसतो. तेलाच्या मुदतीचा प्रश्न लखनौत सोडवायचा तर सुरुवात या दुसऱ्या तक्त्यापासूनच व्हायला हवी.

इंजिन ऑइल म्हणजे केवळ वंगण नव्हे. धातूचे दोन भाग एकमेकांवर घासू नयेत म्हणून त्यांच्यामध्ये पातळ थर राखणे हे त्याचे पहिले काम असले, तरी पिस्टनची उष्णता वाहून नेणे, ज्वलनातून तयार होणारी काजळी स्वतःत तरंगती ठेवणे आणि आम्ल पदार्थ निष्प्रभ करणे हीसुद्धा त्याचीच कामे आहेत. ती पार पाडण्यासाठी मूळ तेलात निरनिराळी रसायने, म्हणजे पूरके, मिसळलेली असतात. मूळ तेल टिकून राहते आणि पूरके मात्र खर्च होत जातात, त्यामुळे तेल 'संपते' याचा खरा अर्थ बहुतेक वेळा त्यातील पूरके संपतात असा असतो.

ही पूरके सर्वांत लवकर कशाने खर्च होतात, याचे उत्तर छोट्या प्रवासात आहे. एक लिटर पेट्रोल जळले की साधारण एक लिटर पाणी तयार होते. त्यातील बहुतेक वाफेच्या रूपाने सायलेन्सरवाटे बाहेर पडत असले, तरी थोडा भाग पिस्टनच्या रिंगांच्या फटींतून खाली ऑइल चेंबरमध्ये उतरतो. इंजिन थंड असताना त्याला पेट्रोलही जादा पुरवावे लागते आणि त्यातील न जळलेला अंश त्याच वाटेने तेलात मिसळतो. लांबच्या प्रवासात तेल पुरेसे तापून हे पाणी व पेट्रोल उडून जाते, पण सहा-सात किलोमीटरवर गाडी बंद झाली तर ते तेलातच राहते, आणि डॅशबोर्डावरील काटा इंजिन तापल्याचे दाखवत असला तरी तो शीतक पाण्याचे तापमान सांगत असतो, तेल त्याच्या बरेच मागे असते. डिसेंबर-जानेवारीत अवधावर दाट धुके उतरून पारा पाच अंशांच्या आसपास येतो, तेव्हा हा परिणाम अधिक वाढतो.

याच कारणाने किलोमीटर हे तेलाचे वय मोजण्याचे अपुरे माप ठरते. समजा एक गाडी शहरात ताशी सरासरी 20 किलोमीटर वेगाने फिरते आणि दुसरी 302 किलोमीटर लांबीच्या आग्रा–लखनौ द्रुतगती मार्गावर ताशी सरासरी 80 किलोमीटर वेगाने ये-जा करते; दोघींच्या मीटरवर 10,000 किलोमीटर पूर्ण होतात तेव्हा पहिलीचे इंजिन 500 तास चाललेले असते आणि दुसरीचे 125 तास. पॉलिटेक्निक चौकात सिग्नलची वाट पाहत घालवलेली मिनिटे किलोमीटरच्या आकड्यात कोठेच दिसत नाहीत, तेलात मात्र त्यांची नोंद होते. आजकालच्या अनेक गाड्या सरासरी वेग दाखवतात, त्यामुळे कापलेल्या अंतराला त्या वेगाने भागून तासांचा हिशेब कोणालाही घरबसल्या करता येतो, आणि प्रत्येक मालकाने तो एकदा तरी करावा.

दुसरा शत्रू धूळ. एप्रिल ते जून या काळात गंगेच्या मैदानात पश्चिमेकडून 'लू' हा उष्ण वारा वाहतो, पारा 40 अंशांच्या वर राहतो आणि हवेत मातीचे बारीक कण असतात, ज्यांत सिलिका, म्हणजे वाळूचा कठीण घटक, मोठ्या प्रमाणात असतो. लखनौतील भारतीय विषविज्ञान संशोधन संस्था पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर शहराच्या हवेची पाहणी करून अहवाल देते, आणि हवेत तरंगणारे कण हा त्या पाहणीचा मुख्य विषय असतो. हे कण माणसाच्या फुप्फुसात जातात त्याच हवेतून ते इंजिनाकडेही जातात. एअर फिल्टर नीट बसलेला नसेल, तर सिलेंडरच्या भिंतीवर ते पॉलिश कागदासारखे काम करतात. म्हणून तेलाची मुदत ठरवताना एअर फिल्टरकडे दुर्लक्ष करणाऱ्याचे निम्मे गणित चुकते.

तेलाच्या रंगावर मात्र फार विसंबू नये. भातखंडे यांच्या संगीत विद्यालयामुळे मराठी वाचकांना परिचित असलेल्या कैसरबागेच्या जवळच लालबाग आहे, आणि मुंबईच्या लालबागशी नाव जुळणाऱ्या या भागात मोटारींच्या सुट्या भागांची जुनी बाजारपेठ आहे. अशा बाजारांत डिपस्टिक, म्हणजे तेलाची पातळी दाखवणारी पट्टी, बाहेर काढून तेल काळे पडले की बदला, असा सल्ला सहज दिला जातो. पण डिझेल गाडीतील चांगले तेल काही दिवसांतच काळे होते, कारण काजळी धरून ठेवणे हेच त्याचे काम. उलट सीएनजीवर चालणाऱ्या गाडीत काजळी फारशी नसल्याने तेल दीर्घकाळ स्वच्छ दिसते, पण वायूच्या ज्वलनातील उष्णतेने त्याचे ऑक्सिडेशन, म्हणजे ऑक्सिजनशी संयोग होऊन विटणे, चालूच असते.

मग तेलाची खरी स्थिती कशी कळावी? याचे सर्वांत शिस्तबद्ध उत्तर लखनौच्याच रेल्वे परंपरेत सापडते. रेल्वेची तांत्रिक मानके ठरवणारी संशोधन अभिकल्प आणि मानक संघटना, जी आरडीएसओ या नावाने ओळखली जाते, शहरातील मानकनगर भागात आहे, आणि आलमबागच्या लोकोशेडमध्ये कित्येक दशके डिझेल इंजिनांची देखभाल झाली. एका रेल्वे इंजिनात शेकडो लिटर तेल मावते, ते नुसत्या तारखेवर बदलत राहणे परवडत नाही. त्यामुळे भारतीय रेल्वेच्या डिझेल शेडमध्ये ठरलेल्या अंतराने तेलाचा नमुना काढून प्रयोगशाळेत तपासण्याची पद्धत रूढ झाली. वर्णपटीय विश्लेषण नावाच्या या तपासणीत नमुना विद्युत ठिणगीत जाळतात आणि निघालेल्या प्रकाशाच्या तरंगलांबीवरून त्यातील धातू ओळखतात. लोखंड वाढले तर सिलेंडरच्या नळ्या झिजत आहेत, तांबे व शिसे वाढले तर बेअरिंग, ॲल्युमिनियम वाढले तर पिस्टन, सिलिकॉन दिसले तर धूळ आत शिरते आहे आणि सोडियम दिसले तर शीतक पाणी गळते आहे, असे निदान इंजिन न उघडता करता येते. याच्या जोडीला टिपकागदाची साधी चाचणीही असते: गरम तेलाचा एक थेंब कागदावर सोडून काही तास ठेवला, की चांगल्या तेलाची काजळी कडेपर्यंत एकसारखी पसरते, आणि पूरके संपलेल्या तेलात ती मध्यभागी गडद, काठ स्पष्ट असलेल्या ठिपक्याच्या रूपात गोळा होते. डिझेल इंजिनांचा काळ विद्युतीकरणामुळे सरत आला असला, तरी आधी तपासावे आणि मग बदलावे ही दृष्टी मोटारमालकाने रेल्वेकडून घेण्याजोगी आहे.

तीन लिटरच्या आसपास तेल असलेल्या छोट्या मोटारीसाठी प्रयोगशाळेचा खर्च करण्यापेक्षा तेल बदलणेच स्वस्त पडते, हे खरे. पण म्हणून दर 3,000 किलोमीटरला तेल ओतून द्यावे, हा गॅरेजांत अजून ऐकू येणारा आग्रहही मान्य करता येत नाही. तो जुन्या कार्बुरेटरच्या इंजिनांच्या आणि खनिज तेलाच्या काळातील आहे, आणि वापरलेले तेल काही निरुपद्रवी पाणी नव्हे. कायद्याने ते घातक कचऱ्यात मोडते, आणि 1 एप्रिल 2024 पासून ते गोळा करून पुन्हा शुद्ध करवून घेण्याची जबाबदारी तेल उत्पादकांवर टाकलेली आहे. तरीही ते गॅरेजसमोरच्या मातीत किंवा नाल्यात गेले, तर त्याचा शेवट गोमती नदीत होतो. बदललेले तेल बंद पिंपात जाते की नाही, हे मालकाने उभे राहून पाहावे.

तेलाचा दर्जा पुस्तिकेत लिहिला असेल तोच घ्यावा. उन्हाळा कडक म्हणून जाड तेल घालण्याची सवय अजून दिसते, पण 0डब्ल्यू-20 सारख्या पातळ तेलासाठी बनवलेल्या इंजिनात अरुंद वाटांतून तेल पोचण्याचा वेग महत्त्वाचा असतो आणि जाड तेल तेथे उशिरा पोचते.

या साऱ्याचा मेळ घातला, तर द्रुतगती मार्गावरच बहुतेक धावणाऱ्या पेट्रोल गाडीने पुस्तिकेतील पूर्ण मुदत निर्धास्तपणे वापरावी, आणि रोज शहरात थोडे-थोडे फिरणाऱ्या गाडीने सहा महिने किंवा 5,000 किलोमीटर ही मर्यादा धरावी. वर्षातून दोनदाच बदल करायचा असेल, तर एक फेब्रुवारीच्या अखेरीस, म्हणजे थंडीत साठलेले पाणी व पेट्रोल काढून टाकून लू सुरू होण्याआधी, आणि दुसरा पावसाळा संपताना करणे सोयीचे. बीएस-6 या प्रदूषण मानकाच्या डिझेल गाडीला आणखी एक पथ्य आहे: तिच्या धूर गाळणाऱ्या फिल्टरमधील काजळी जाळण्यासाठी जादा डिझेल सोडले जाते, आणि शहरी वापरात ही क्रिया अर्धवट राहिली की ते डिझेल तेलात उतरते. अशा गाडीत डिपस्टिकवरची पातळी कमी होण्याऐवजी वरच्या खुणेच्याही पुढे गेलेली दिसली किंवा तेलाला इंधनाचा वास आला, तर कोणत्याही तारखेची वाट न पाहता ते बदलावे.